एकच वाचक

“पाचव्या पानावर आहात तुम्ही,” छापखानेवाला म्हणाला आणि त्याने संगणकाचा पडदा कुलूपवाल्याकडे वळवला.

कुलूपवाल्याने डोळे बारीक केले. त्याच्या दुकानाचं नाव होतं खरं, पण पार तळाशी, अंग चोरून बसलेलं.

“असं कसं? घरी इंटरनेटवर शोधलं की मी पहिला येतो!”

“घरी तुम्ही रोज स्वतःलाच शोधता. त्या यंत्राला वाटतं, यांना हेच बघायला आवडतं. गिऱ्हाईक शोधतं तेव्हा सगळ्यात वर पैसे भरून बसलेले. मग नकाशावरचे. मग ज्यांनी कुणाच्या प्रश्नाचं सरळ उत्तर दिलंय ते. आणि उरलेसुरले आपण.”

कुलूपवाल्याच्या डोक्याचा पार भुगा झाला. आयुष्यभर त्याने लोकांची दारं पक्की केली. आता लोकांना आपलं दार सापडत नाही म्हणजे काय? समोरच्या नव्या दुकानाने त्याची निम्मी गिऱ्हाइकं ओढून नेली होती. असंच चाललं तर शटर एकदाचं खाली ओढावं लागणार, एवढं मात्र त्याला स्वच्छ कळत होतं.

“मग करू काय मी?”

“लोक काय विचारतात ते बघा आणि त्याचं उत्तर लिहा. वेबसाइट वहिनीच बघतात ना? एकदा आणा त्यांना इकडे, मी समजावून देतो.”

“तिला माणसांची गर्दी सोसत नाही हो. मीच सांगतो.”

संध्याकाळी त्याने वाटेत भाजी घेतली, बायकोची डोकेदुखीची गोळी घेतली, तिच्या केसांच्या पिनासुद्धा आठवणीने घेतल्या. छापखानेवाल्याची बायको आपल्या नवऱ्याला उठताबसता याचंच उदाहरण द्यायची. घरी आल्यावर त्याने स्वतःच किल्लीने दार उघडलं. बेल वाजवून बायकोला उठवणाऱ्यातला तो नव्हताच. आत येऊन त्याने दार पुन्हा लावून घेतलं. कुलूपवाल्याचंच घर, तिथे दार उघडं कसं राहील?

बायको संगणकापुढे बसली होती. घरबसल्या तेवढाच विरंगुळा म्हणून वेबसाइटचं काम तिने मागून घेतलं होतं.

“अहो, लोक काय विचारतात त्याची यादी मिळते इथे,” ती म्हणाली. “हा एक प्रश्न सारखा येतोय. दुहेरी कुलूप आतून कसं उघडायचं?”

“आतून? बाहेरून म्हणायचं असेल.”

“आतूनच लिहिलंय. बाहेरून कसं उघडायचं ते सगळ्यांनी सांगितलंय. आतून कुणीच नाही.”

कुलूपवाला चक्रावला. आत असलेल्या माणसाला कुलपाशी काय करायचंय? मग त्याच्या लक्षात आलं, किल्ली हरवत असेल, पोरं खेळता खेळता लावून घेत असतील. आणि समोरच्या दुकानदाराला याचं उत्तर सात जन्मात येणार नव्हतं! त्याची कळी खुलली.

“लिही. आतल्या बाजूला पितळी चकती असते. ती फिरवून काढली की खाली चार स्क्रू. ते काढले की कुलपाची जीभ हाताने मागे सरकते.”

ती टाइप करत होती. “चकती फिरतच नाही, असं कुणी म्हटलं तर?”

“फिरेल कशी? सगळे सरळ फिरवतात. ती उलटी फिरते. अगं, हे माझ्या उस्तादाने मलासुद्धा शेवटच्या दिवशी सांगितलं.” तो जरा घुटमळला. धंद्यातली गोष्ट अशी चव्हाट्यावर मांडायची? पण पाचवं पान डोळ्यांपुढे आलं. “लिही, लिही.”

“आणि स्क्रू सुरीने निघतील?”

“छे! सुरीचं टोक मोडेल. बारका चपटा पेचकस लागतो.”

“मग त्याचा फोटो हवा. फोटो असला की पान वर चढतं म्हणतात.”

हत्यारं घरी आणायची नाहीत, हा त्याचा वर्षानुवर्षांचा नियम होता. पण फोटोपुरता त्याने दुसऱ्या दिवशी पेचकस आणला. उजेड कमी होता, फोटो नीट आला नाही. उद्या दिवसाउजेडी काढते, म्हणून तिने तो ठेवून घेतला.

छापखानेवाल्याच्या सांगण्यावरून लेखाखाली एक प्रश्नही टाकला: ‘ही माहिती उपयोगी पडली का?’

थोड्याच दिवसांत छापखानेवाला धावत दुकानात आला. “अहो, पहिल्या पानावर! तेही पहिल्या ओळीत!”

कुलूपवाल्याला आभाळ ठेंगणं झालं. तो गल्ल्यामागे ताठ बसला आणि गिऱ्हाइकांची वाट पाहू लागला. गिऱ्हाईक काही फिरकलं नाही. पहिला नंबर आणि दुकानात शुकशुकाट! हे कसलं पहिलं येणं, त्याला उमगेना.

“हा प्रश्न विचारणारं दुसरं कुणी नसेल,” छापखानेवाला डोकं खाजवत म्हणाला. “वाचणारा एकच दिसतोय. आपल्याच गावातला. रोज दुपारी तुमचा लेख उघडून बसतो.”

“मग लेकाचा दुकानात का येत नाही?”

“काय की बुवा.”

कोण असेल हा? कुलूपवाला येणाऱ्याजाणाऱ्याकडे संशयाने बघू लागला.

आणि एका दुपारी छापखानेवाल्याने रस्त्यावरूनच हाक दिली, “त्याने ‘हो’ दाबलं हो! उपयोगी पडली म्हणतोय माहिती!”

कुलूपवाल्याचा आनंद गगनात मावेना. एक का असेना, आपल्या शब्दाने कुणाचं तरी अडलेलं दार उघडलं होतं. ही बातमी आधी तिला सांगायची, लेख तिच्यामुळेच तर झाला. त्याने दुकान लवकर बंद केलं, तिच्या आवडीचा केक घेतला आणि लगबगीने घर गाठलं. जिना चढतानाच सवयीने खिशातली किल्ली काढली.

दार नुसतं लोटलेलं होतं.

आत संगणक चालू होता. त्याच्यापुढे पितळी चकती होती, तिच्याशेजारी चार स्क्रू ओळीने मांडलेले आणि पेचकस नीट पुसून ठेवलेला. त्याने हाक मारली, मग पुन्हा मारली. ओ आली नाही.

सकाळी बाहेरून दोनदा फिरवलेली घराची एकुलती एक किल्ली अजून त्याच्या हातातच होती.