मोटर उतरवायचं बोलावणं

"आधी दोरी बांधलीस का?" तेरेंतीने काठावरून ओरडून विचारलं.

"बांधली, काका!" लुकियानचा आवाज आनंदाने चिरकलाच.

नदी गोठायच्या आत बोटीची मोटर काढून पडवीतल्या लाकडी घोडीवर चढवायची, आणि तिला घरच्याखेरीज कुणाचा हात लागू द्यायचा नाही, ही डॅन्यूबच्या मुखावरच्या या गावाची रीत. त्या कामाला एखाद्या तरुणाला बोलावलं, म्हणजे लग्नाची गोष्ट निघाली, हे शेंबड्या पोरालाही कळतं. लुकियानला बोलावणं आलं तेव्हा तो अंगणात नाचला होता. तेरेंतीच्या पोरीसाठी, अनफिसासाठी, त्याने नदी उपसली असती.

पण अंगाने तो काटकुळा, आणि मोटर सिमेंटच्या पोत्याहून जड. काठावर निम्मं गाव सूर्यफुलाच्या बिया फोडत तमाशा बघायला उभं होतं.

त्याने पेट्रोलची नळी काढली. दोन्ही स्क्रू सैल केले. श्वास कोंडून मोटर उचलली, खांद्यावर घेतली आणि बोटीला बांधलेली तिची सुरक्षेची दोरी सोडून काठाला लावलेल्या फळीवर पाय ठेवला.

"अरे, जपून! बाळंतीण आहे का ती?" गर्दीतल्या फेदोतकाकाने दाढीतून टोमणा मारला. सगळे खो खो हसले. लुकियानही हसला. जमतंय की! अजून थोडंच!

फळीच्या मध्यावर त्याचा खांदा कलला. मोटर खांद्यावरून बाहेर सरकू लागली. खाली काळं पाणी होतं. मोटर त्यात गेली तर या घराचा पुढचा सगळा हंगाम गेला. दात खाऊन दोन पावलं रेटावीत, की...? सगळं गाव बघतंय. तिचा बाप बघतोय.

"अनफिसा!" तो ओरडला. "धर गं! मला नाही पेलत!"

काठावर हशा उसळला. अनफिसा मात्र तोवर फळीवर आलीही होती. तिने खालची बाजू धरली. "तू खाली बघू नकोस, मी सांगते तसा ये," ती म्हणाली. दोघांनी पाऊल जुळवत मोटर पडवीत नेली आणि घोडीवर बसवली. एक स्क्रू तिने आवळला, एक त्याने.

तिच्या डोळ्याला डोळा भिडवायचं त्याला धाडस होईना. सगळं हातचं घालवलं होतं त्याने. टोपी उचलून तो पुटपुटला, "येतो मी, काका."

"कुठे निघालास?" तेरेंतीने आत तोंड करून बायकोला हाक दिली, "मात्रिओना! जावयाचं पान वाढ!"

फेदोतकाकाच्या हातातल्या बिया तशाच राहिल्या. "शुद्धीवर आहेस ना, तेरेंती? त्याला तर मोटरही झेपली नाही!"

"आधी आलेल्या तिघांना झेपली होती," तेरेंती म्हणाला. "पण माझी पोरगी रोज नवऱ्याबरोबर बोटीत बसणार आहे. बुडायच्या आधी तिला हाक मारेल असा हा पहिलाच आला."