नऊ नंबरची जर्सी

"मामा, बघितलंस? शेवटची तीन मिनिटं उतरवलं मला!" भाचा डेलानो युरोपातून फोनवर ओरडत होता.

"बघितलं. चेंडूला पाय लागला का?"

"नाही रे. पण पुढच्या सामन्यात पूर्ण वेळ खेळवणार म्हणालेत."

मी सुरिनामचा प्रशिक्षक. डेलानोचा जन्म तिकडचा, आई आमची, म्हणून दोन्ही देश त्याला खुले होते. नऊ नंबरची जर्सी मी वर्षभर त्याच्यासाठी राखली होती. मोठ्या स्पर्धेच्या मुख्य फेरीत एका देशाकडून मिनिटभर जरी खेळलं, तरी खेळाडू कायमचा त्याच देशाचा होतो; त्या नियमाप्रमाणे आता तो आमच्याकडून कधीच खेळू शकणार नाही.

पोम, म्हणजे आमच्याकडचा कोंबडी घालून भाजलेला कंदाचा पदार्थ, वाढता वाढता बायको म्हणाली, "त्याला तुझं सांगायचं होतंस."

"सांगितलं. म्हणाला, मामा, तुझी गोष्ट वेगळी."

भिंतीवर डेलानो आता खेळतो त्याच युरोपीय देशाच्या जर्सीतला माझा तरुणपणीचा फोटो आहे. मी चार मिनिटं खेळलो होतो. पुन्हा कधी बोलावलं नाही.