खोडांचा जाळ

जाळीवर गोगलगायी मांडता मांडता ओडिलचा हात थांबला. खाली जळत होती ती छाटणीची काडी नव्हती. दंडाएवढी जाड, गाठीगाठींची खोडं होती, तीही ओली. नुसती धुमसत होती.

ईस्टरच्या सोमवारी गावात घरोघरी गोगलगायी भाजतात, आणि त्या द्राक्षवेलीच्या वाळक्या काडीवरच. काडी भर्रकन पेटते, निखारा हलका पडतो. ओलं खोड कोण जाळतं? ज्याने बाग काढली, तो.

तिने चिमट्याने एक खोड उलटं केलं. वर तीन फाटे, आणि एकावर तिच्याच करवतीचा तिरका घाव.

“गाल्द्रिक, ही खोडं कुठली?”

धाकटा भाऊ पाव कापत होता. त्याने मान वर केली नाही. “टेकडीवरच्या बागेतली.”

“आपल्या?”

“माझ्या. कागद कुणाच्या नावावर आहे, ते काढायचं का सगळ्यांसमोर?”

“कधी काढलीस?”

“शुक्रवारी. तू पेर्पिन्याँ शहरात गुड फ्रायडेच्या मिरवणुकीला गेलीस, तेव्हा मशीन लावलं. घरी असतीस तर आडवी पडली असतीस.”

“पडलेच असते.”

“म्हणून तर शुक्रवार धरला.” त्याने पावावर लसणाचं वाटण फासलं. “सोलरवाले येतायत. इतकी वर्षं ऊन खाऊन त्या म्हाताऱ्या वेलींनी काय दिलं गं, ताई? आता तेच ऊन भाडं देईल.”

ओडिलच्या अंगाचा तिळपापड झाला. त्या बागेत तिचं निम्मं आयुष्य गेलं होतं. जाळीवरच्या गोगलगायीसुद्धा तिने त्याच वेलींखाली वेचल्या होत्या, आणि पोट साफ व्हावं म्हणून उपाशी ठेवल्या होत्या. ते सगळं चाललं होतं तेव्हा हा गडी मशीनवाल्याशी वार ठरवत होता.

“जाऊ दे गं पोरी,” नार्सिसकाका म्हणाले. “करपतायत बघ. सणासुदीला तमाशा नको.”

“काका, तुम्हाला ठाऊक होतं?”

काका जाळीकडे बघत राहिले. टेबलाभोवती कुणीच तिच्याकडे बघेना. म्हणजे सगळ्यांनाच ठाऊक होतं, एक ती सोडून.

“निम्मी खोडं आज तू इकडे आल्यावर तुझ्या दारात टाकलीयत,” गाल्द्रिक म्हणाला. “हिवाळाभर शेकत बस. आणि वाईन आहेच की तळघरात, त्याच बागेची, तूच केलेली. चल, तूच सुरुवात कर.” त्याने लांब चोचीची काचेची झारी तिच्यापुढे धरली.

या मुलखात झारी उंच धरतात आणि धार थेट तोंडात घेतात. चोचीला ओठ लागू द्यायचा नाही, म्हणून तर अख्खं टेबल एकाच झारीतून पितं. हे इथे पोराटोरांनाही शिकवावं लागत नाही.

ओडिलने झारी घेतली. ती उंच नेलीच नाही. चोच सरळ ओठांत धरली आणि सावकाश, घोट घोट प्यायली. मग झारी टेबलाच्या मधोमध ठेवली.

नार्सिसकाकांनी पुढे केलेला हात मागे घेतला.

“उष्टी केलीय,” ती भावाला म्हणाली. “आता तळघरात जाते, तिथली पिंपंही उष्टी करते. बाग तू काढलीस. तिची वाईन तुमच्यातल्या एकाच्याही घशाखाली जाणार नाही.”