खिडकी उघडी की बंद

“खिडकी उघडी असते,” असं नवऱ्याने सांगितलं होतं. “खिडकी बंद असते,” असं बायकोने. रात्री झोपताना खोलीची खिडकी कशी असते, एवढा साधा प्रश्न दोघांना वेगवेगळं बसवून विचारला होता. अधिकाऱ्याने दोन्ही उत्तरं वाचून दाखवली आणि चष्मा काढून टेबलावर ठेवला.

“घोरतं कोण, या प्रश्नालाही दोघांनी एकमेकांकडे बोट दाखवलंय. वकीलबाई, ही माणसं एका छपराखाली राहतात यावर मी विश्वास कसा ठेवू?”

नवरा परदेशातून आलेला, बेकरीत भट्टीवर कामाला. बायको इथलीच, शहराची बस चालवायची, आणि वर त्याच्याहून सात वर्षांनी मोठी. ओळख झाली काय आणि लगेच लग्न केलं काय! तेवढ्यावरून सरकारला वास आला की लग्न खोटं आहे, नुसतं इथे राहता यावं म्हणून केलेलं. आज अधिकारी नाही म्हणाला, की बेकरीवाल्याला देश सोडावा लागणार होता. मग पुन्हा भेट कधी, ते देव जाणे.

थोडा वेळ सुट्टी मिळाली. बाहेरच्या बाकावर बेकरीवाल्याचा बांध फुटला.

“तुम्हीच म्हणालात ना बाई, पाठांतर करायचं नाही म्हणून? मी सगळे प्रश्न काढून ठेवले होते. डावीकडे कोण झोपतं, दिवा कोण मालवतं. दोघांनी मिळून घोकलं असतं तर आज ही वेळ आली नसती!”

“हो, मीच म्हणाले,” वकीलबाई म्हणाल्या. “आणि आत्ताही तेच म्हणते.” आवाज ठाम होता. हरल्या तर त्यांची एक केस जाणार होती. त्याचा संसार जाणार होता.

“त्यांच्यावर कशाला खेकसतोस?” बायको म्हणाली. “खिडकी बंदच असते. सरळ सांगायला काय झालं होतं?”

“बंद? अगं, तू...”

“श्श! इथे नको,” वकीलबाईंनी हात वर केला. “आत जाईपर्यंत राखून ठेवा.”

बायको ओशाळली. “माफ करा हं बाई. आमचं हे असं रोजचंच. तुमच्या घरी नसेल असला तमाशा.”

“माझ्या लहानपणी आमच्या घरात एकही भांडण झालं नाही.”

“नशीबवान आहात हो!”

तेवढ्यात आतून बोलावणं आलं.

“साहेब, एकच विनंती,” त्या उभ्या राहून म्हणाल्या. “तोच प्रश्न दोघांना एकत्र बसवून विचारा. मी मध्ये एक अक्षर बोलणार नाही.”

अधिकाऱ्याने खांदे उडवले. “बरं. खिडकी उघडी की बंद?”

“उघडी.”

“बंद.”

दोघं एकमेकांकडे वळले. आणि मग जी काय ठिणगी पडली!

“साहेब, मी उघडूनच झोपतो! दिवसभर भट्टीपुढे उभं राहून अंगाची लाही लाही होते. माझा डोळा लागला की ही गुपचूप उठून बंद करते!”

“मग काय करू? पहाटे बस काढायची असते मला. गळकं नाक घेऊन चालवू? आणि मी बंद केली की हा पुन्हा उघडतो, साहेब. रात्रभर हेच. त्या उघडझापीने कडी सैल झालीये, ती तरी नीट केलीस का?”

“केली होती! तू आपटतेस!”

“आपटेन नाही तर काय करेन? तुझ्या घोरण्याने झोप उडते माझी!”

“मी घोरतो? मी? तुझ्यापुढे तुझी बस बरी!”

अधिकारी एकदा इकडे बघे, एकदा तिकडे. त्याच्या ओठांचा कोपरा हलला.

“कडीत कागदाची घडी घालून बघा,” तो हळूच म्हणाला. “आमच्याकडे त्यावर भागतं.”

दोघं भांडण सोडून त्याच्याकडे बघू लागले. अधिकारी मात्र आता मोकळेपणाने हसायला लागला. “घरोघरी मातीच्या चुली,” म्हणत त्याने शिक्का उचलला आणि धाडकन मारला. मंजूर!

बाहेर येऊन दोघं गळ्यात गळे घालून रडले. डोळे पुसून होतात न होतात, तोच कागदाची घडी जाड हवी की पातळ, यावर पुन्हा जुंपली. दारावरचा शिपाई धावत आला. “बाई, आवरा की यांना! सगळा मजला ऐकतोय.”

“ऐकू दे,” वकीलबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता.

बायको भांडता भांडता थांबली. “पण बाई, आमच्या भांडणावर एवढा भरवसा ठेवलात तरी कसा? तुमच्या घरी तर कधी भांडणच नव्हतं.”

“माझ्या आईबाबांनाही असंच बसवलं होतं. भीतीपोटी त्यांनी सगळी उत्तरं घोकली. शब्द न् शब्द जुळला. म्हणूनच अधिकारी म्हणाला, हे पढवलेलं आहे. बाबांना त्यांच्या देशात परत पाठवलं तेव्हा मी पहिलीत होते. ते आले तेव्हा कॉलेजात. तेवढी वर्षं घरात भांडण कसलं? आईला भांडायला माणूसच नव्हतं.”

बेकरीवाल्याने नकळत बायकोचा हात धरला.

“आणि बाबा आले त्याच संध्याकाळी,” वकीलबाई हसत डोळे पुसत म्हणाल्या, “पंखा चालू ठेवायचा की बंद, यावरून दोघं असे कडाडून भांडले की शेजारी धावत आले. काय झालं, काय झालं? वकील व्हायचं ते मी तिथे, दारात उभी असतानाच ठरवलं. शेजाऱ्यांना म्हटलं, काही नाही हो, आमचे बाबा घरी आलेत.”