फिल्टरमधलं कानातलं

“काका, मशीनच्या पोटात कुणाचं गुपित सापडलंय का हो कधी?” मैत्रिणींनी पैज लावली म्हणून तिने मेकॅनिककाकांना विचारलंच.

“चिल्लर सापडते, बाळ.” काकांनी खडखडणाऱ्या जुन्या वॉशिंग मशीनचा फिल्टर काढला. गढूळ पाण्यासोबत आईचं मोत्याचं कानातलं घरंगळलं.

मैत्रिणी खिदळल्या. तिचं तोंड उतरलं. चोरून घालताना त्याची दांडी वाकली, म्हणून तिनेच ते पुलावरून नदीत फेकलं होतं. चोरीचा आळ आला धुणीभांडी करणाऱ्या मावशींवर. त्यांचं काम सुटलं, तरी तिने खरं सांगितलं नव्हतं.

आईने कानातलं मुठीत घेतलं. काकांनी मशीन लावलं. पुन्हा तीच खडखड. फिल्टर उघडला, तर पुन्हा तेच वाकड्या दांडीचं कानातलं.

आईने मूठ उघडली. ती रिकामी होती, आणि ओली.

“आई, मावशींना सगळं सांगायला मी आत्ताच जातेय.”