रोजची दाढी

"काका, मी आलो," ती म्हणाली आणि खुर्चीत जाऊन बसली. "एकदम बारीक करा."

सलूनवाले काका वाटीत फेस घोटत होते. त्यांचा हात थांबला. केसांचं त्यांना काही नव्हतं. पण कालपर्यंत ‘आले’ म्हणणारी पोर आज ‘आलो’ म्हणत होती. फरक एवढासाच, पण त्यावरून गल्लीत डोकी फुटली असती.

"मामांना विचारलंस?"

"नाही विचारणार. मुलगी म्हणून जगायचंच नाहीये मला. दुपारची गाडी आहे. तिकडे मला कुणी ओळखत नाही."

तेवढ्यात तिचं लक्ष दाराकडे गेलं. मामा तिथे उभे राहून सगळं ऐकत होते. आज ते लवकर आले होते.

मामा लाकडाच्या वखारीत मुकादम. सारी वस्ती त्यांना पैलवान म्हणायची. वखारीत जाण्याआधी रोज ते इथे दाढीला येत, त्यांच्या गालावर खुंट म्हणून दिसायचा नाही. तिची आई गेल्यावर त्यांनीच तिला वाढवलं, स्वतः लग्नही केलं नाही. माया होती, पण जरबही तेवढीच. अन् हट्टी असे, की गेल्या वर्षी तापाने फणफणले तरी डॉक्टरला उंबरा ओलांडू दिला नाही.

"काय म्हणालीस? परत बोल."

"आलो."

मामांचा जड हात तिच्या खांद्यावर पडला. "ऊठ."

"नाही उठणार."

"पैलवान, पोर आहे," काका पुटपुटले. "जरा समजुतीनं घ्या."

"तू मधे पडू नकोस." मामा तिच्यावर वाकले. "केस कापले की झालं, असं वाटतं तुला? लोक रोज पारखतील. चालताना, हसताना, झोपेत बरळताना. एक दिवस चुकलीस, की संपलीस. जिवंत सोडणार नाहीत."

ती घाबरली होती, पण भीतीपेक्षा राग मोठा होता.

"तुम्हाला काय कळणार? तुम्हाला सगळं जन्मासोबत आयतं मिळालं. ज्याचं जळतं त्यालाच कळतं, मामा!"

मामा वळले, दुकानाचं शटर आतून खाली ओढलं आणि कडी घातली. आता आपली धडगत नाही, हे ती समजून चुकली. मामांनी तिच्यावर आजवर हात उगारला नव्हता, पण असं शटरही कधी ओढलं नव्हतं. काकांनी दिवा लावला.

मामा शेजारच्या खुर्चीत बसले.

"वस्तरा घे."

"हिच्यासमोर?"

"हिच्यासमोरच."

काकांनी त्यांच्या गालांना फेस लावला. मग वस्तऱ्यातलं पातं काढून खणात ठेवलं आणि नुसता वस्तरा गालावरून फिरवायला लागले. हात सवयीचा होता. फेस निघत गेला. ती बघत राहिली.

"मामा..." तिने खणातल्या पात्याकडे पाहिलं.

मामांनी आरशातूनच तिच्याकडे पाहिलं.

"तुझी आई," ते म्हणाले, "मला ताई म्हणायची."