बोलायची पाळी

पोरं पळवणारा म्हणून जमावाने एका माणसाला शाळेसमोरच्या रस्त्यावर जिवे मारलं, त्याला आठवडाही झाला नव्हता. हेडसर म्हणाले, "विषयच काढू नका, बाई. नसती आफत ओढवेल." पण पाचवीच्या बाईंना ते पटेना. त्यांनी बाकं भिंतीला सारली, मुलांना गोल करून बसवलं आणि सांगितलं, "ज्याच्या हातात डस्टर, त्यानेच बोलायचं. बाकीच्यांनी फक्त ऐकायचं."

मुलं भडाभडा बोलू लागली.

"माझे बाबा म्हणतात, बरी अद्दल घडली."

"पण पोलिसांना का नाही बोलावलं कुणी?"

"एवढ्या गर्दीपुढे कोणाचं काय चालणार?"

फिरत फिरत डस्टर वर्गात नवीनच आलेल्या त्या मुलीच्या हातात आलं. त्या माणसाच्या तावडीतून लोकांनी सोडवलं होतं ते हिलाच. मारहाण तिच्या नजरेला पडू नये म्हणून बाईंनीच धावत जाऊन तिला पोटाशी धरलं होतं आणि सगळं संपेपर्यंत सोडलं नव्हतं. तेव्हापासून पोरीची जणू वाचाच बसली होती.

"नको वाटत असेल तर पुढे दे, बाळा," बाई मायेने म्हणाल्या.

तिने डस्टर घट्ट धरलं. "मी वाट चुकले होते. ते काका मला शाळेत सोडायला येत होते."

बाई तिच्याजवळ सरकल्या. "अगं, मग तेव्हाच का नाही सांगितलंस?"

"ओरडून ओरडून सांगत होते, बाई. पण माझं तोंड तुम्ही पोटाशी दाबून धरलेलं."